वाचकांचे प्रश्न : लोखंडी नांगर विषारी का वाटला?

निसर्गाला ओरबाडून न घेता चालणारी अर्थव्यवस्था आपल्या भागात कशी उभी राहील आणि त्यासाठी आपल्या रीतिभातींत, समजुतींत काय बदलावे लागेल, या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. सर्वाधिक पत्रे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आली. मी स्वतः सांगलीत अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले असल्यामुळे ती वाचताना कितीतरी ओळखीची राने आणि ओढे डोळ्यांपुढे आले. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, त्या जोएल मोकिर यांच्या मते युरोपात औद्योगिक क्रांतीच्या आधी विचारांची संस्कृती बदलली होती, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. मग आपल्याकडे पर्यावरणाला धरून असलेली नवी तंत्रे रुजण्यासाठी आधी संस्कृती बदलेपर्यंत थांबायचे का? आणि ती बदलते तरी कशी?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुमच्या प्राध्यापकांनी सांगितले ते बरोबर आहे, पण त्यातून थांबायचे, असा निष्कर्ष निघत नाही. मोकिर यांनी १५०० ते १७०० या दोन शतकांतील युरोपकडे पाहून ज्या गोष्टी दाखवल्या, त्यांतील दोन आपल्या कामाच्या आहेत. निसर्ग कसा चालतो हे माणसाला समजू शकते आणि ती समज सर्वांचे जगणे सुधारण्यासाठी वापरली पाहिजे, असा विश्वास तेथील विद्वानांत पसरला, ही पहिली. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. एखादी गोष्ट का घडते हे जाणणारा पंडित आणि ती हाताने घडवणारा कारागीर यांचे एकमेकांकडे जाणे-येणे सुरू झाले, आणि त्यामुळे एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करू लागले. आपल्याकडे कारागिरीही कमी नव्हती आणि शास्त्रही कमी नव्हते. परंतु शास्त्र जाणणारा आपले हात मळू देत नव्हता आणि ज्याचे हात मळत होते, त्याला अक्षराची बंदी होती. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी नेमके याच जागी बोट ठेवले होते. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण मागतात आणि त्याच पुस्तकात, पावसाचे पाणी व सुपीक माती वाहून न जाता शेतात मुरावी म्हणून जागोजागी बंधारे घालावेत, असेही सरकारला सांगतात. जातीचा प्रश्न आणि मातीचा प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत.

आता आपल्याच भागातील एक गोष्ट सविस्तर सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवत होते. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला, कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर घडवला. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्याच लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगराचा कारखाना नावारूपाला आणला.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसत असत. मग मी त्यांना विचारत असे, की त्या शेतकऱ्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर दुरुस्त करी आणि त्याबद्दल सुगीला बलुते नेई. लोखंडी नांगर रोख पैसे मागत होता. तो मोडला तर तो जोडून देणारा गावात कोणी नव्हता. तो घेणे म्हणजे सुताराच्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवहार सैल करणे होते. माझी अशी समजूत झाली आहे, की ‘विषारी’ हा शब्द या सगळ्या काळजीला मिळून दिलेला होता. अशी भीती व्याख्यानांनी जात नाही. शेजारच्या रानात खोल नांगरटीने हरळीच्या मुळ्या वर आलेल्या बांधावरून दिसाव्या लागतात, मोडलेला फाळ बदलून मिळेल याची खात्री पटावी लागते आणि पहिल्या वर्षी फसले तरी घर बुडणार नाही, इतका आधार असावा लागतो.

पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या फिरतीत त्यांना शेतकऱ्याचे घर जवळून दिसले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंक्तीला बसवली आणि ‘कमवा आणि शिका’ या वाटेने अंगमेहनत व पुस्तक ही दोन्ही एकाच मुलाच्या दिवसात आणून ठेवली. पंडित आणि कारागीर यांच्या ज्या भेटीबद्दल मोकिर लिहितात, ती भेट येथे एकाच मुलाच्या ठायी घडवली जात होती. नांगर आधी की शाळा आधी, असे विचारले तर मला उत्तर देता येणार नाही, कारण दोन्हींच्या मागे फिरणारा माणूस एकच होता.

उलट बाजूचेही एक उदाहरण लक्षात असू द्या. पेरू देशातील लॉस मोलिनोस या गावी लोकांनी पाणी उकळून प्यावे म्हणून आरोग्यसेविकेने दोन वर्षे घरोघर जाऊन सांगितले. सुमारे २०० कुटुंबांपैकी केवळ ११ कुटुंबांनी ऐकले. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी हे उदाहरण प्रसिद्ध केले. तेथे उष्ण आणि थंड पदार्थांचा विचार आपल्यासारखाच खोल रुजलेला होता आणि उकळलेले पाणी हे आजारी माणसाचे, अशी धारणा होती. निरोगी माणसाने ते पिणे लोकांना विचित्र वाटे. आपल्या घरात पपई आणि ताक यांच्याबद्दल जे बोलले जाते, ते आठवले की त्या गावाचे मन आपल्याला चटकन समजते. ज्यांनी ती मोहीम आखली, त्यांनी जंतूंचा विचार केला होता, पण उष्ण-थंडाचा केला नव्हता. म्हणून संस्कृती बदलेपर्यंत थांबू नका आणि तिला वळसा घालूनही जाऊ नका. नवे तंत्र गावात नेणाऱ्याने तेथे आज मान कशाला आहे आणि भीती कशाची आहे, हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या नदीकाठच्या तीन एकरांत मीठ फुटले आहे. मुलगा म्हणतो, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखालून पाइप टाकू, साठलेले पाणी बाहेर काढू आणि मग ठिबकवर जाऊ. शेजारी तयार नाहीत. ‘पाटाने भरपूर पाजल्याशिवाय उसाचे समाधान होत नाही,’ असे ते म्हणतात. हा अडाणीपणा समजावा की पैशाचा प्रश्न?
– शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : आपल्या पत्राने मला कृष्णाकाठचे असेच एक रान आठवले. मार्च महिना होता. मालकाने बांधावरून आत नेले तेव्हा पायांखाली पापड मोडावा तसा आवाज येत होता. वरचा पांढरा थर चिमटीत धरला तर पिठासारखा सुटत होता आणि त्याच्या खालची माती काळीभोर, चिकट होती. उसाची बेटे हातभर वाढून पिवळी पडली होती, सऱ्यांत लव्हाळा माजला होता. मालकाने कुदळ घेऊन कमरेइतका खड्डा काढला. आम्ही वस्तीवर जाऊन चहा घेऊन परत आलो, तोवर खड्ड्यात वीतभर पाणी जमले होते. पाऊस थांबून पाच महिने झाले होते. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

यामागचे कारण आपल्याला ठाऊक असेलच, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. नदीच्या आणि विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतातच. खोल काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा संथ असतो. पिकाला लागते त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे दिले, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, उन्हाळ्यात ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि वाफ होऊन उडून जाताना क्षार मागे ठेवून जाते. जिच्यासाठी दोन पिढ्यांनी आस धरली, त्या बागायतीनेच जमीन नासवली, हे मान्य करणे सोपे नाही.

आपल्या शेजाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांच्या आई-वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्यांच्या घरात वाहता पाट हे वैभवाचे चिन्ह झाले, यात नवल नाही. शेतीची वीज रात्री येते, म्हणून ऑटो स्टार्टर लावून माणूस झोपी जातो आणि पहाटेपर्यंत पाणी वाहत राहते. पाणीपट्टी एकरावर आकारली जाते. किती पाणी वापरले याचे मोजमाप होत नसल्यामुळे वाचवलेल्या पाण्याचा पैसा हाती येत नाही. उसाला एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची, हमी आहे, तोडणीला टोळी येते, कारखाना ऊस नेतो. भाजीपाल्याच्या बाजारात अशी हमी कोण देतो? आणि या सगळ्यावर मानाचा थर चढलेला आहे. सोयरीक जमवताना ‘रान किती आणि ऊस किती’ हे आजही विचारले जाते. तेव्हा प्रश्न पैशाचा आहे की संस्कृतीचा, असे दोन ढीग करता येणार नाहीत. हमीभावाने आणि पाणीपट्टीच्या रीतीने जी सवय लावली, तिचीच पुढे प्रतिष्ठा झाली. आता भाव किंवा पाणीपट्टी बदलली तरी प्रतिष्ठा मागे रेंगाळत राहते. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी काम करावे लागते.

आपल्या मुलाने सुचवलेला उपाय योग्य आहे. सच्छिद्र पाइपांना गाळणीचे कापड गुंडाळून ते जमिनीखाली ठरावीक उतारावर पुरतात आणि त्यांतून निचरा झालेले पाणी नाल्यात सोडतात. परंतु या तंत्राचा एक स्वभाव आहे : ते एकट्याचे होत नाही. ठिबक मी माझ्या बांधाच्या आत करू शकतो. निचऱ्याचा पाइप मात्र शेजाऱ्याच्या रानाखालून नाल्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे. ज्या गावात बांधावरून भावाभावांचे दावे कोर्टात चालतात, तेथे जमिनीखालून पाइप नेऊ देणे हीच मोठी सामाजिक घटना असते. नव्या तंत्रातील खरे नावीन्य येथे पाइपात कमी आणि त्या संमतीत जास्त आहे.

माझी सूचना अशी की सुरुवात नाल्याला लागून असलेल्या रानापासून करावी, कारण बाहेर पडायची वाट तयार झाल्याखेरीज वरच्या कोणालाच उपयोग नाही. त्या शेतकऱ्याशी आपण वडीलधाऱ्या नात्याने स्वतः बोलावे. मुलाला एकट्याला पुढे करू नये. पाइपाचा मार्ग, दुरुस्तीचा खर्च आणि तुंबल्यास खणायची परवानगी हे कागदावर लिहून घ्यावे. माती परीक्षण केल्यावाचून जिप्सम टाकू नये. क्षारपड (विरघळणारे क्षार साठलेली) जमीन आणि चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) जमीन यांवरचे उपाय वेगळे आहेत. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्र आपल्यापासून लांब नाही, तेथे शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊन जावे. निचरा सुरू झाल्यावर एखाद्या हंगामात धैंचा किंवा ताग हे हिरवळीचे खत म्हणून गाडावे. आणि पाणी पूर्वीसारखेच सोडत राहिलो तर मीठ पुन्हा वर येईल, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.

पाचटाचेही, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणाऱ्या उसाच्या वाळक्या पानांचेही, असेच आहे. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट निघते, ते सरीत ठेवले तर ओल टिकते आणि कुजून खत होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी तोडणी झाली की काडी लावली जाते, कारण पाचट ठेवलेले रान ‘घाण’ दिसते आणि पाणी पुढे सरकत नाही. माझ्या पाहण्यातील एका गावात जाळणे थांबले, ते खोडव्याचा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचा) चांगला उतारा घेणाऱ्या एका मानाच्या शेतकऱ्याने आपले पाचट चार वर्षे तसेच ठेवले म्हणून.

शेजारी एकत्र येणारच नाहीत, असे वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातील येरळाकाठचे बलवडी आठवावे. १९८२ च्या गिरणी संपामुळे मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांनी आणि दुष्काळी शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. त्याच वाळूच्या थोड्या विक्रीतून पैसा उभा करून लोकांनी बळीराजा धरण बांधले. तेथील पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता कुटुंबांना वाटायचे, भूमिहीनांनाही त्यात हिस्सा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. भिंत बांधण्याचे तंत्र जुनेच होते. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क आहे, ही कल्पना मात्र नवी होती, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेतून आली नव्हती.

प्रश्न : जुन्या गावगाड्यात काहीच वाया जात नव्हते. तीच खरी शाश्वत अर्थव्यवस्था होती. तिकडे परतणे हाच मार्ग नव्हे काय?
– निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : आपली तळमळ समजते, परंतु संपूर्ण परतणे मला मान्य नाही. जो गावगाडा काही वाया जाऊ देत नव्हता, तोच एका समाजाला पाणवठ्यावर येऊ देत नव्हता. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून पाण्याच्या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करता येत नाही.

जुन्या कौशल्यांचा आदर ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तेथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची, जमिनीत खोदलेली पेवे होती. वर अरुंद तोंड, आत रुंद पोट, तोंड मातीने लिंपून बंद. आतली हवा कोंडलेली असल्यामुळे किडीला जगता येत नसे आणि विजेचा एक दिवा न लावता हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी काही तास वारा लागू द्यावा लागतो, हे तेथील कामगारांना कोणी रसायनशास्त्र न शिकवता माहीत होते. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि त्यांचा काळ सरत गेला. आज हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याचे जे तंत्र नवे म्हणून येते, त्याचे तत्त्व हेच आहे. हरिपूरच्या अनुभवी माणसांना आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवले असते, तर पुरापासून सुरक्षित असे पेव आपणच तयार केले असते, असे मला मनापासून वाटते. अजूनही वेळ गेलेली नाही, कारण जाणकारांपैकी काही जण हयात आहेत.

प्रश्न : आमच्या पठारावर वीस-पंचवीस वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. वारा आमचा, जमीन आमची. आम्हाला मिळाली ती राखणदाराची नोकरी. यालाच हरित अर्थव्यवस्था म्हणायचे का?
– वाचक, ढालगाव परिसर, कवठे महांकाळ तालुका

उत्तर : आपली तक्रार न्याय्य आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे, साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि आपला ढालगावचा माळ येथे पवनचक्क्या आल्या, त्या काळात यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेची वजावट, दाखवून आयकर वाचवण्याची सवलत होती. त्यामुळे ज्यांचा नफा मोठा, त्यांनी पठारावर पैसा घातला. वीज स्वच्छ होती, आणि त्या धोरणाने देशात पवनऊर्जेचा उद्योग उभा राहिला, हेही खरे आहे. परंतु त्या हिशेबात पठारावरचा माणूस जमीन विकणारा आणि फाटकावर बसणारा, या दोनच रूपांत आला.

डेन्मार्कची गोष्ट येथे उपयोगी पडेल. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी लोकविद्यालये निघाली होती. आस्कोव्ह येथील अशाच विद्यालयातील शिक्षक पाउल ला कूर यांनी १८९१ मध्ये पवनचक्कीपासून वीज तयार करण्याचे प्रयोग सुरू केले आणि खेड्यातील तरुणांना वीजतंत्री म्हणून शिकवून तयार केले. १८८२ पासून तेथील शेतकरी सहकारी दूधसंघ चालवत होते. त्यामुळे १९७३ च्या तेलसंकटात देश अडचणीत आला तेव्हा सुतार, लोहार, शिक्षक आणि शेतकरी यांनी पवनचक्क्या बांधायला घेतल्या आणि शेजाऱ्यांनी मिळून त्या विकत घेतल्या, यात त्या लोकांना काही विपरीत वाटले नाही. दुधाचे जे केले तेच वाऱ्याचे. १९८५ मध्ये तेथील संसदेने अणुवीज आपल्या नियोजनातून वगळली. साम्सो नावाचे बेट फक्त अक्षय ऊर्जेवर चालवून दाखवण्यासाठी १९९७ मध्ये निवडले गेले आणि सुमारे दहा वर्षांत ते आपल्या गरजेहून अधिक ऊर्जा निर्माण करू लागले. तेथील जमिनीवरच्या ११ आणि समुद्रातल्या १० चक्क्यांत रहिवाशांचे, शेतकऱ्यांचे आणि स्थानिक नगरपालिकेचे हिस्से आहेत. नव्या प्रकल्पात किमान २० टक्के हिस्सा परिसरातील रहिवाशांना देऊ केला पाहिजे, असा कायदाही डेन्मार्कमध्ये २००९ पासून काही वर्षे होता. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते.

आपल्याला हे अपरिचित का वाटावे? सहकारी दूधसंघ, सहकारी साखर कारखाना, उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था हे सगळे या दोन जिल्ह्यांनी करून दाखवले आहे. वाऱ्याच्या वेळी मात्र आपण सहकाराची आठवण काढली नाही, कारण ‘वीज सरकारची आणि पवनचक्की कंपनीची’ असे आपल्या मनात पक्के बसलेले होते. यातील चूक शासनाची आहे आणि थोडी आपलीही आहे.

ही समजूत आता हलू लागली आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम झाले. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांतून एकत्र काम करण्याची सवय त्या गावाला आधीच लागलेली होती. छपरांवर सौरपट्ट्या बसवणे हे त्यानंतर आले. शेतीच्या फीडरसाठी, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांसाठी, सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज देण्याचे काम राज्यात चालू आहे आणि त्यासाठी जमिनी भाड्याने घेतल्या जात आहेत. दिवसा वीज मिळाली तर वरच्या उत्तरातील रात्रीचे बेसुमार पाणी कमी होण्याची वाट मोकळी होते, म्हणून मी या योजनेकडे आशेने पाहतो. आपल्या पठारावरील जुन्या यंत्रांच्या जागी नवी, मोठी यंत्रे बसवण्याचा प्रस्ताव जेव्हा येईल, तेव्हा ग्रामसभेने भाड्याबरोबर हिस्सा मागावा, आणि यंत्रांच्या देखभालीचे प्रशिक्षण परिसरातील आयटीआयच्या मुलामुलींना द्यावे, अशी अट ठरावात घालावी. करार झाल्यानंतर अशा मागणीला किंमत उरत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बायका श्रमदानात सर्वांत पुढे होत्या. बांध घातले, विहिरींना पाणी वाढले. आता कोणते पीक लावायचे हे ठरवताना मात्र आम्हाला कोणी विचारत नाही. आम्ही काय करावे?
– बचत गटाच्या अध्यक्षा, माण तालुका

उत्तर : ताई, आपला प्रश्न या पाचांत मला सर्वांत मोठा वाटतो. पाणलोटाच्या कामात आपल्या भागाने महाराष्ट्राला वाट दाखवली. गावागावांतील जलसंधारणाच्या कामाची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने जिंकली आणि २०१८ मध्ये आपल्याच माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली. टिकाव-फावड्याने काम होईपर्यंत बाई आणि गडी यांच्यात कोणी फरक केला नाही. पाणी आले आणि त्याचा पैसा दिसू लागला, की निर्णय पुन्हा जुन्या हातांत गेला. ज्या गावात पाणी वाढल्यावर बोअर वाढले आणि ऊस आला, तेथे दोन वर्षांत पुन्हा टँकर लागण्याची भीती असते, आणि तेव्हा हंडा आपल्याच डोक्यावर येतो. पीक ठरवताना आपल्याला विचारणे हे म्हणून पाण्याच्या हिशेबाचाच भाग आहे.

म्हसवडचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथे महिलांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असे म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांना हिशेब आधीपासून येत होता. तो हिशेब आहे, हे इतरांना मान्य करायला लावण्यात त्यांचे कष्ट गेले.

आपणही तेच करावे. गावातील विहिरींची पातळी दर पंधरवड्याला आपल्या गटाने दोरीने मोजावी आणि शाळेच्या भिंतीवर लिहावी. कोणते पीक किती पाणी पिते आणि गावाच्या शिवारात पाणी किती आहे, याचा ताळेबंद दिवाळीच्या सुमारास, रब्बी ठरण्याच्या आधी मांडावा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात हा ताळेबंद वाचून दाखवावा आणि त्यावरचा ठराव ग्रामसेवकांकडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावण्याचा विषय त्याच सभेत काढता आला तर फार चांगले, कारण बँक आणि कृषी कार्यालय दोघेही नाव पाहूनच माणसाला शेतकरी म्हणतात. सुरुवात आपल्या गटातील दोन-तीन घरांपासून करावी, आणि पहिला उतारा हाती आला की त्याची एक प्रत आम्हालाही पाठवावी.